सुपाचा वारा

एक गोष्ट मी आजपर्यंत कोणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. एकोडीच्या पुढे, जंगलाचा पट्टा ओलांडला की चार घरांची एक टोली लागते. तिथल्या वाऱ्याबद्दल मी एका सरकारी नमुन्याच्या कागदावर खोटं लिहिलं. नुसतं खोटं लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी ते एका बाईच्या तोंडचं म्हणून लिहिलं आणि खाली त्यांचीच सही घेतली. पुढे चौकशी झाली तेव्हा सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि मी जमिनीकडे.

या अंकाच्या संपादकांनी पवनचक्क्यांच्या दिवसांतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. त्याही सांगतो. पण गमती सांगायच्या आणि हे गिळून टाकायचं, असं या वयात जमेना.

माझा मूळ धंदा लाखनीला मोटारी बांधायचा. धानाच्या हंगामात पाण्याच्या मोटारी जळून यायच्या, मी तांब्याची तार गुंडाळून त्या जिवंत करायचो. मग नागपूरच्या एका कंपनीनं सरकारी योजनेतून घरगुती पवनचक्क्यांचं काम काढलं. ज्या घरांपर्यंत विजेची लाइन पोचली नाही त्यांच्यासाठी. पंख्याच्या पोटात जी मशीन असते ती म्हणजे उलटी मोटारच, म्हणून मला बोलावलं. जागा बघायची, वारा मोजायचा, खांब उभा करायचा, ही माझी कामं. गावात कोणी पवनचक्की म्हणायचं नाही, पंखाच म्हणायचे. समजावून सांगायला मी एक वाक्य तयार ठेवलं होतं: "घरचा पंखा बिजली खाऊन वारा देते, हा वारा खाऊन बिजली देते." लोक हसायचे आणि त्यांना कळायचं.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एकच गोष्ट कळली तरी पुरे. वारा दुप्पट झाला की वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि वारा अर्धा झाला की वीज अर्धी राहत नाही, आठवा हिस्सा राहते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हिशेब चुकला म्हणून तीनदा करून पाहिला. तारेत असं काही नसतं, पाण्यात नसतं. वारा मात्र असाच आहे, देईल तर छप्पर फाडून, नाहीतर हात झटकून मोकळा. सायकलवर रमतगमत जाताना तोंडाला जेवढा वारा लागतो तेवढ्यानं आमचा पंखा जेमतेम हलायचा. कामाची वीज हवी तर सायकल जोरात हाणावी तेवढा वारा पाहिजे, तोही तासन्‌तास. म्हणून वारा वर्षभर मोजावा असा नियम. कंपनी मला पंधरा दिवस द्यायची.

वारा मोजायचं यंत्र साधं असतं. दांडीवर तीन वाट्या फिरतात आणि दर तासाला किती फिरल्या ते खालच्या डबीत नोंदलं जातं. पण त्या वाट्या मी पहिल्यांदा चाळीस फुटांवर चढवल्या तो क्षण मला अजून तसाच दिसतो. खाली बांबूचं पान हलत नव्हतं, माझ्या हातातल्या विडीचा धूर सरळ वर जात होता, आणि वर वाट्या अशा पळत होत्या की डोळ्यांना धरता येईनात. डोक्यावरून एवढी मोठी नदी वाहते आहे आणि चाळीस वर्षं मी तिच्या तळाशी चालतो आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी खाली पाहून कमी चालतो. दोनदा नालीत पडलो आहे.

आता गंमत. लाखनीला महामार्गावर एक हार्डवेअरवाले शेठ होते. त्यांना पंखा हवा होता, वीज नको होती. ट्रकवाल्यांना लांबून दुकान दिसावं एवढंच. पंखा लागला आणि तीन दिवस वारा पडला. शेठनी मला बोलावून घेतलं.

"हा फिरून काहून नाई राहिला?"

"वारा नाई शेठ."

"वारा नाई ते मले दिसते गा. तुले कायले बोलावलं मंग? लोक म्हणतील, शेठचा धंदा बसला. हा फिरला पाह्यजे."

शेवटी त्यांनी घरच्या लाइनीवर मोटार जोडून तो पंखा माझ्याकडून फिरता करून घेतला. वारा खाऊन वीज द्यायची ती वस्तू वीज खाऊन वारा देऊ लागली. एक ट्रकवाला चहा पिता पिता म्हणाला, "सेठजी, कितनी बिजली बनाता है ये?" शेठ गंभीरपणे म्हणाले, "पूरा दुकान इसी पे चलता है." मी तिथंच उभा होतो. हसू दाबून दाबून छाती दुखली. पण त्या दिवशी मला एक गोष्ट नकळत कळली असावी. फिरणाऱ्या पंख्याखाली उभं राहून काहीही सांगितलं तरी लोक मानतात.

टोलीवर मी मार्गशीर्षात गेलो. धान कापून मळून झालं होतं, बोडीच्या पाळीशेजारच्या खळ्यावर उपणणी चालली होती. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव, आमच्याकडे प्रत्येक शिवारात असतो. मोठी रास थ्रेशरवर जायची, पण बियाण्याचं धान टोलीत अजून सुपानंच उपणायचे. ते काम शेवंताबाईंचं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काटक, बोलणं मोजकं. त्या तिवईवर चढायच्या, सूप डोक्याच्या वर धरायच्या आणि धान सोडायच्या. पायाशी पडेल ते बियाणं. हातभर पुढे पडेल ते खायचं. त्याच्या पुढचं कोंबड्यांना, आणि भुसा खळ्याच्या पलीकडल्या बांधावर. एकाच धारेतून वारा चार वाटे करून द्यायचा आणि त्या सूप किंचित कलवून त्याला साथ द्यायच्या. जन्मभर मी मशिनी पाहिल्या, पण एवढी बारीक चाळणी मला कुठंच दिसली नाही.

चारही घरं त्यांच्या शब्दावर थांबायची. त्या तिवईजवळ नुसत्या उभ्या राहायच्या आणि मग म्हणायच्या, "घ्या सूप." लगेच वारा निघायचा.

"तुमाले कसं समजते वो बाई?" मी विचारलं.

"पाण्याचा वास येते आंधी," त्या म्हणाल्या. "बोडीवरून निंगते ना वारा. वास पयले येते, वारा मंग."

पंधरा दिवस माझ्या वाट्या खांबावर होत्या. आकडे वाईट होते. सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य, दुपारी अडीच-तीन तास हलका वारा, रमतगमत चालणाऱ्या सायकलीचा. पंखा त्यावर कसाबसा फिरला असता, दिवा लागला नसता. शेवटच्या दिवशी कागद भरताना मी शेवंताबाईंना विचारलं, "इथं वारा कसा हाये?"

"अव्वल वारा हाये भाऊ," त्या म्हणाल्या. "या दिवसात दोपारचा वारा आमच्या बोडीसारखा कुठंच नाई."

एकेक शब्द खरा होता. धान पायाशी ठेवून फक्त भुसा नेणारा वारा, तो त्यांचा चांगला वारा. जोराचा वारा त्यांच्या लेखी वाईट, तो बियाणं उडवतो. त्या सुपाचा वारा सांगत होत्या, मी पंख्याचा विचारत होतो, आणि हा फरक मला त्या क्षणी लख्ख माहीत होता. तरी मी आकड्यांच्या रकान्यात 'नोंदी अपूर्ण' लिहिलं आणि खालच्या रकान्यात लिहिलं, 'स्थानिक अनुभवी शेतकरी महिलेच्या मते येथे वर्षभर चांगला वारा असतो.' त्यांचे 'या दिवसात' आणि 'दोपारचा' हे दोन्ही शब्द मी गाळले. 'वर्षभर' हा माझा घातला. मग कागद त्यांच्यापुढे केला. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. एकेक अक्षर कोरत सही केली आणि हसून म्हणाल्या, "वाऱ्यासाठी पयल्यांदाच सही केली."

का केलं? माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. वरच्या साहेबांनी एवढंच सांगितलं होतं की महिनाअखेर पंख्यांची यादी बंद होईल. पण तोवर मी दुसऱ्यांच्या हाताखालीच खांब उभे केले होते, आणि हा माझ्या सहीचा पहिला असता. मला तो उभा राहिलेला पाहायचा होता. लहान मुलाला पतंग पाहायचा असतो तसा, दुसरं काही नाही.

आणि तो उभा राहिला. चाळीस फुटी खांब आडवा पडलेला, बुडाशी बिजागरी, चार बाजूंना तारा. टोलीतल्या सगळ्यांनी तारा धरल्या, मी साखळीची गरारी ओढू लागलो. खांब इंच इंच उठत गेला, वर पंख्याची शेपूट वाऱ्याला विचारत इकडेतिकडे वळत होती. सरळ झाला तेव्हा सगळ्यांच्या माना वर होत्या. शेवंताबाईंचे दीर तुळशीराम म्हणजे टोलीचं तोंड, ते तेवढे बोलले, "बाप्पा! आभाळाले टेकलं!" चारही घरांत दिवे लागले. बॅटरी मी लाखनीहून भरून आणली होती, हे मी सांगितलं नाही.

दिवे आठवडाभरात मंद झाले. सोबतच्या लहान सोलर पाटीवर घरटी एक दिवा तासभर चालायचा, तेवढंच. आषाढात पंख्यानं खरंच वीज दिली, दोनेक महिने. दिवाळी जवळ आली तसा तो पुन्हा थांबला. तेही टोलीनं सोसलं असतं, चिमणीची सवय होतीच. पण पुढच्या वर्षी कळलं की 'विजेची सोय झाली' म्हणून लाइनीच्या यादीतून टोलीचं नाव कटलं आहे. आसपासच्या टोल्यांवर खांब आले, तारा आल्या. या टोलीवर फक्त माझा खांब.

टोलीनं अर्ज केले तेव्हा एक साहेब चौकशीला आले. कंपनीच्या वतीनं मला पाठवलं होतं. बोडीच्या पाळीवर बाज टाकली, साहेबांनी फाइल उघडली आणि माझा कागद मोठ्यानं वाचला. 'वर्षभर' या शब्दाशी शेवंताबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं ती जागा तीच. मी चपलेच्या टोकानं माती उकरत राहिलो.

"हे तुम्हीच सांगितलं होतं ना बाई? ही सही तुमची?"

त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"सही माही हाये जी," त्या म्हणाल्या. "म्या सांगतलं असंन."

'असंन.' स्वतःच्या तोंडच्या शब्दापेक्षा त्यांनी कागद खरा मानला. तुळशीराम उठले, गमछा झटकला आणि म्हणाले, "घ्या! वारा वळखणारी बाई आमची! एका सहीत चार घरं आंधारात टाकलीन वयनीनं." सगळे हसले. त्यात दुष्टावा नव्हता, रागही फार नव्हता. पण ती थट्टा टोलीत मुरली. पुढे कोणाची छत्री उलटली तरी म्हणायचे, जा, शेवंताबाईले पुसून ये.

मधल्या काळात मी तुमसरकडची कामं करत होतो. चिखल्याला मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले, देवाजी नेवारे. शेतातल्या घरावर पंखा लावायचा विचार होता. मी वाट्या काढल्या तर त्यांनी माझ्या हातातून घेतल्या, फुंकर मारून फिरवल्या, कानाशी धरल्या आणि म्हणाले, "बेअरिंग घासलं हाये तुमचं. कमी दाखवंन."

मी चाट पडलो. तेव्हा त्यांनी सांगितलं की जमिनीखाली वारा मोजणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. खाली आपोआप वारा नसतो. वरचा मोठा पंखा तो आत ढकलतो, आणि तो प्रत्येक गल्लीच्या टोकापर्यंत पोचला की नाही हे कोणीतरी चालत जाऊन मोजायचं, वहीत लिहायचं; पोचला नाही तर तिथला माणूस गुदमरतो.

"तुमच्या नोंदी दाखवा," ते म्हणाले. मी पंधरा दिवसांची वही दिली. "बस, इतकंच? याच्यावर तुमी सांगता, लाव का नको लावू?" मग वही परत देत म्हणाले, "आमचं बरं होतं जी. खाली तुमी आपल्या मनचा वारा लिवला, तं दुसरी शिफ्ट त्याच वाऱ्यात उतरते. मंग कोन लिवंन आपल्या मनचा?"

ते सहज बोलले. त्यांना माझं काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना पंखा लावू नका म्हणून सांगितलं आणि वाट्या पिशवीत घालून निघालो.

पुढे कंपनीनं ते काम बंद केलं. टोलीवरचा पंखा उतरवायला मला पाठवलं. पंखा उतरवला, खांब मात्र मी मागून घेतला आणि त्याच्यावर नवं बेअरिंग टाकून वाट्या चढवल्या. एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत मोजलं. कोणी सांगितलं नव्हतं. पंधरवड्याला एकदा जायचो, डबीतल्या नोंदी घ्यायचो.

त्या वर्षानं मला जे दाखवलं ते तीस वर्षांच्या धंद्यानं दाखवलं नव्हतं. मृग लागायच्या आधी पश्चिमेचा वारा सुटतो आणि ढग सूर्य झाकतात त्या दिवसांत नेमका जोर धरतो. म्हणजे सोलर पाटी आंधळी होते तेव्हा वाट्या पळतात, जणू दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या आहेत. कोणी विचारलं की आपल्या भागात घरावर पंखा लावावा का, तर माझं उत्तर असं: एकट्या पंख्यावर घर चालणार नाही. पाटीचा जोडीदार म्हणून, पावसाळ्यापुरता, झाडांच्या बऱ्याच वर नेऊन लावला तर काही जागी चालेल. कोणत्या जागी, ते वर्षभर मोजल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात सकाळी शून्य. दुपारी अडीच-तीन तास बोडीवरून येणारा हलका, एकसारखा वारा, ज्यात धक्का नाही, झुळूक-थांब नाही. नोंदी कागदावर काढल्या की रेघ इतकी सपाट यायची की मला आधी डबी बिघडली असं वाटलं. असा वारा मी जिल्ह्यात दुसरीकडे कुठं मोजला नाही. अव्वल म्हणावा असाच.

त्या मार्गशीर्षात मी खांबाशी बसलो होतो. शेवंताबाई सूप घेऊन आल्या. बियाण्याचं धान तयार होतं. त्या तिवईजवळ उभ्या राहिल्या, नाक किंचित वर केलं, हात सुपाकडे गेला. मग हात थांबला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"लांजेवार भाऊ, तुमच्या वाट्या काय म्हणून राहिल्या? घेऊ का सूप?"

मी वर पाहिलं. वाट्या स्थिर होत्या. मी जे दिसलं ते सांगितलं, "नाई वो बाई. अजून नाई."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदरानं कपाळ पुसलं, आणि पदर खाली येतो न येतो तोच बोडीकाठच्या पळसाची पानं हलली, मग वर वाट्या फिरू लागल्या. बाईंना वास आला होता. यंत्राच्या आधी, पानाच्या आधी. चाळीस फुटांवरच्या माझ्या वाट्यांना जे कळायचं होतं ते या बाईंना जमिनीवर उभं राहून कळलं होतं, आणि माझ्या शब्दावर त्यांनी ते खाली ठेवलं.

पाळीवरून तुळशीराम ओरडले, "बरं केलं वयनी, यंत्रालेच पुसत जा आता! तुह्या नाकानं एकदा दिवे लावले नाई का!"

त्या हसल्या. सूप उचललं, तिवईवर चढल्या. पायाशी बियाणं पडू लागलं. मी तोंड उघडलं होतं. सगळे समोर होते, तुळशीराम होते, उजेड होता. मी म्हणालो, "आता चांगला हाये वारा." आणि गाडीकडे गेलो.

टोलीवर आता लाइन आली आहे. मी छपरांवर सोलर पाट्या बसवतो. शेवंताबाई थकल्या आहेत पण बियाणं अजून त्याच उपणतात, असं ऐकतो. त्या वर्षाची वही माझ्याकडे आहे. तिच्यात त्यांचा शब्द तासातासानं खरा उतरलेला आहे, आणि ती मी त्यांना दाखवलेली नाही. हे सगळं इथं छापून आलं तरी ते सांगणं होत नाही. टोलीवर हा अंक जात नाही, आणि गेला तरी हसले ते सगळ्यांसमोर हसले होते. मला बोडीच्या पाळीवर उभं राहून, तुळशीरामांसमोर, चारही घरांसमोर म्हणायचं आहे की 'वर्षभर' हा शब्द माझा होता, बाई चुकल्या नव्हत्या. एवढं माझ्याकडे बाकी आहे.